वाकडा दात

बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी नेहमीच्या वेळेला कामावर गेली, आणि पुढे बरेच दिवस लोकांना बोलायला दुसरा विषय लागला नाही.

निघण्याआधी घरात ताईशी वाजलंच. रडून रडून डोळे सुजलेली ताई स्वयंपाकघरात उभी होती आणि तिच्यासमोर चहा उतू जात होता. धाकटी चपला घालताना दिसली तेव्हा तिला वाटलं, ही दूध आणायला चालली असेल. पण खांद्याला डब्याची पिशवी होती.

"कुठे?"

"कामावर."

"कामावर?" ताईने गॅस बंद केला. "अगं, काल बाबांना पोचवून आलो आपण. आज माणसं येतील भेटायला. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" धाकटीने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे त्यांना काय ते सांगता आलं असतं.

"डोकं फिरवू नकोस माझं."

"गुरुवारी बँडवाल्याचे दात द्यायचेत," धाकटी म्हणाली आणि दार हळूच ओढून घेऊन गेली. दार आपटलेलं बाबांना खपत नसे.

धाकटी एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे येत, प्लास्टरवाली मावशी त्यांवरून साचे ओतून देई, आणि त्या साच्यावर मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचं काम धाकटीकडे असे. मग मेण जाऊन तिथे पक्की गुलाबी हिरडी येई, आणि शेवटी पॉलिशवाला ती घासूनपुसून चकचकीत करी. खोली लांबट होती, हवेत कायम मेणाचा आणि स्पिरिटच्या दिव्याचा वास, आणि सगळ्यांच्या कपड्यांवर पांढरी भुकटी. धाकटीचं टेबल अगदी टोकाला, भिंतीकडे तोंड करून होतं. भिंतीला एक भेग होती, ती तिच्या ओळखीची होती.

तिच्या हातच्या कवळ्या सहसा परत येत नसत. पण तिच्याबरोबर काम करणं सोपं होतं असं कोणी म्हणालं नसतं. तिला घाई करायला सांगितलं की ती हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसे, सांगणाऱ्याची घाई संपेपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत कोणी "काय, कसं काय?" विचारलं की ती विचार करून उत्तर द्यायची, तोवर विचारणाऱ्याचा डबा संपलेला असे. पॉलिशवाला तिला 'फूटपट्टी' म्हणायचा. ती ओ द्यायची, कारण तिच्या मते फूटपट्टी ही बरी वस्तू होती.

त्याआधी तिच्या दोन नोकऱ्या सुटल्या होत्या. कापडाच्या दुकानात तिने एका बाईंना सांगितलं होतं, हेच कापड पलीकडच्या दुकानात चांगलं मिळतं. दुसऱ्या ठिकाणी फोन घ्यायचे होते. फोन उचलला की पलीकडचं माणूस आपलं बोलणं कुठे संपवतंय हे कळायचं नाही, आणि संध्याकाळी घरी आली की ती अंधाऱ्या खोलीत पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहायची. तेव्हा बाबा तिला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी खूप विचारलं, खूप ऐकलं, आणि मग सांगितलं की हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. आजार नव्हे, घडणच तशी.

"चला, नाव कळलं," बाबा म्हणाले. "आता त्याच्याशी बोलता तरी येईल."

"घरात आणखी कोणी असं आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आयुष्यभर बसची इंजिनं दुरुस्त केलेले आणि घरात खिळे लांबीनुसार बाटल्यांत भरून ठेवणारे बाबा छताकडे बघू लागले. बरोबर आलेल्या ताईला त्या दिवसात पहिल्यांदाच हसू फुटलं.

मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात, हे ताईने कुठेतरी वाचून आणलं. धाकटीला तो शब्द पटला नाही. स्वतःत ती क्वचितच मग्न असे. ती दातांत मग्न असे.

दातांकडेही बाबांनीच नेलं. लॅबचे म्हातारे मालक त्यांच्या ओळखीचे होते. बाबांनी त्यांना बाहेर चहाला नेलं आणि काय सांगायचं ते सांगितलं. धाकटी तेव्हा रस्त्यापलीकडे उभी होती. तिला फक्त एवढं दिसलं, की बाबा बोलताना हाताने हवेत एक भिंत काढून दाखवत होते आणि मालक मान डोलवत होते. दुसऱ्या दिवशी तिला भिंतीकडचं टेबल मिळालं. फोन तिला कधी घ्यावा लागला नाही. काम बदलायचं असेल तर आदल्या दिवशी सांगितलं जाई. पॉलिशचं मशीन सुरू करण्याआधी मालक स्वतः येऊन तिच्या टेबलावर टकटक करत, म्हणजे ती कानात कापसाचे बोळे घाले. हे सगळं दोन म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं. कागद नाही, सही नाही.

संध्याकाळी बाबा फाटकापाशी उभे असत. "दिवस कसा गेला?" असं ते विचारत नसत. तो प्रश्न धाकटीला फार मोठा पडे. कुठून धरायचा हेच कळायचं नाही, आणि ती पुलापर्यंत गप्प राहायची. बाबा विचारत, "आज काही?" एवढंच. मग ती एक गोष्ट सांगायची, त्या गोष्टीतून दुसरी निघायची, आणि घर येईपर्यंत बोलणं पुरायचं.

गेल्या वर्षी म्हातारे मालक थकले आणि थोरल्या मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. लॅब सूनबाईकडे आली. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत आणि पाठीमागे सूनबाई. बाई कामाला वाघ होती आणि मनाने चांगली. तिच्या चांगुलपणानेच पुढचा घोटाळा केला.

त्या दिवशी धाकटी खोलीत शिरली तशी सगळी मशीनं बंद पडल्यासारखी शांतता झाली. तिला बरं वाटलं. तिने पिशवी खिळ्याला अडकवली, टेबलाच्या कोपऱ्यात एक झाकणाचा डबा ठेवला आणि दिवा पेटवला.

"पोरी," मावशी प्लास्टरचे हात तसेच घेऊन मागे येऊन उभी राहिली. "तू आज कशाला आलीस गं?"

"बँडवाल्याचे दात."

"बाप गेला ना तुझा!"

"हो. काल दुपारी."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं. धाकटीच्या आलं नाही, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. पॉलिशवाला पुटपुटला, "दगड आहे दगड." फूटपट्टीवरून दगड, ही बढती की काय ते धाकटीच्या ध्यानात येईना.

सूनबाई केबिनमधून धावत आली. तिने धाकटीचा हात हातात घेतला. सूनबाईचा हात घट्ट होता आणि ओलसर. धाकटी त्या हाताकडे बघत राहिली.

"तुम्ही आधी घरी जा," सूनबाई म्हणाली. "चांगला आठवडाभर आराम करा. कामाची अजिबात काळजी करायची नाही."

"गुरुवारी..."

"ते आम्ही बघतो. जा."

बँडवाला कॉर्नेट वाजवायचा. ओठ आणि वाद्य यांच्यामध्ये हवा निसटू नये म्हणून धाकटीने त्याच्या वरच्या कवळीची कड पुढून मुद्दाम थोडी जाड ठेवली होती. हे तिला सांगायचं होतं. पण हात अजून सूनबाईच्या हातात होता, आणि कोणी हात धरला असताना धाकटीला वाक्य जुळवता येत नसे. तिने दुसऱ्या हाताने दिवा विझवला, डबा पिशवीत टाकला आणि ती घरी गेली.

तो आठवडा धाकटीला पायरी चुकल्यासारखा गेला. घर माणसांनी भरलेलं. प्रत्येक जण तिला जवळ घेई, आणि ती उभ्या लाकडासारखी त्या मिठीत थांबे. ताई सगळ्यांना सांगे, "तिला धक्का बसलाय." धाकटीला धक्का बसला नव्हता. बाबा आजारी होते, ते जाणार हे तिला ठाऊक होतं. तिला फक्त संध्याकाळ झाली की कुठे उभं राहायचं ते समजत नव्हतं. एकदा ती उगाच लॅबच्या फाटकापर्यंत जाऊन आली. बाबांच्या जागी एक स्कूटर लावलेली होती.

रोज सकाळी मात्र ती एक काम करायची. दवाखान्यातून बाबांच्या वस्तू आल्या होत्या, त्यांत चष्मा होता, घड्याळ होतं आणि कवळी होती. कवळी कोरडी पडली तर वाकते, म्हणून ती झाकणाच्या डब्यात पाण्यात ठेवायची असते. धाकटी ते पाणी बदलायची.

"अगं, कुणासाठी?" ताई एकदा दारात उभी राहून म्हणाली. "कोण घालणारे आता ती?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग वाकेल ना," धाकटी म्हणाली. ताईने तोंडाला पदर लावला आणि ती आत निघून गेली.

आठवडा संपला. धाकटी जवळजवळ पळतच लॅबवर गेली. दारातच मावशी, पॉलिशवाला, सूनबाई, सगळे उभे होते. सगळ्यांचे चेहरे एखादी गंमत पोटात ठेवल्यासारखे.

"डोळे मीट!" मावशी म्हणाली.

"का?"

"अगं मीट तर खरं!"

धाकटीने डोळे मिटले, कोणीतरी तिला खांद्याला धरून पुढे नेलं, आणि तिने डोळे उघडले तेव्हा तिचं टेबल तिथे नव्हतं.

म्हणजे होतं, पण ते तिचं नव्हतं. भिंतीपासून ओढून, फिरवून, खोलीकडे तोंड करून ठेवलं होतं. वर पांढराशुभ्र सनमायका. तिच्या सुऱ्या, ब्रश, कोरण्या, ज्या टेबलावर आडव्या पडलेल्या असत आणि न बघता हाती लागत, त्या सगळ्या एका गोल स्टँडमध्ये फुलदाणीतल्या फुलांसारख्या उभ्या. जुन्या लाकडी स्टुलाऐवजी चाकांची खुर्ची. डोक्यावर नवी ट्यूब. ट्यूब बारीक गुणगुणत होती, पण ते बहुधा तिलाच ऐकू येत होतं. भिंतीवरची भेग लांबी भरून बुजवली होती.

"रविवारी सगळ्यांनी येऊन केलं," सूनबाई म्हणाली. "कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचात, शिक्षा केल्यासारख्या. मला कधीपासून वाईट वाटायचं. आता सगळ्यांत राहा. एकटं वाटणार नाही."

सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. अशा वेळी काय म्हणतात ते धाकटीने लहानपणी पाठ केलेलं होतं.

"छान आहे," ती म्हणाली. "आभारी आहे."

आणि ती त्या खुर्चीत बसली. खुर्ची मागे गेली.

पुढचे काही दिवस धाकटीने दात घट्ट आवळून काढले. समोरून कोणी गेलं की तिची नजर उठे, आणि उठलेली नजर दातावर परत आणायला वेळ लागे. सुरीऐवजी ब्रश हातात येई. मेण गरम होई तोवर ट्यूबचा आवाज कानातून डोक्यात उतरे. आता टेबलावर टकटक करायला कोणी नव्हतं. ती सवय म्हाताऱ्या मालकांबरोबरच गेली होती. पण इतके महिने पाठीमागचा खटका ऐकून ती वेळेत बोळे घालायची. आता ट्यूबच्या आवाजात तो खटकाही बुडाला होता, त्यामुळे मशीन एकदम कानाशीच ओरडल्यासारखं सुरू होई. तिने तक्रार केली नाही. दिलेलं काम करायचं, एवढं तिला माहीत होतं. ते जमत नसेल तर आपण अजून जोर लावायचा. तिने डबा खाणं सोडलं, त्या वेळातही ती दात बसवू लागली.

मग एका दवाखान्यातून कवळी परत आली. डावीकडचा सुळा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे. शिकाऊ पोरंही करणार नाहीत अशी चूक.

"आमच्या धंद्यात दात काढायचे नसतात गं, बसवायचे असतात," पॉलिशवाला हसत हसत म्हणाला. त्याला वातावरण हलकं करायचं होतं. "आणि तेही जागच्या जागी!" एवढं बोलून त्याने मशीनचा खटका दाबला.

धाकटीने दोन्ही कान दाबले आणि ती ओरडली. "बंद कर! बंद कर! बंद कर!" तिच्या तोंडून एवढा आवाज निघतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. मशीन बंद झालं. ती उठली, सामानाच्या खोलीत गेली, आणि प्लास्टरच्या पोत्यांच्या मधल्या फटीत, भिंतीकडे तोंड करून बसली. तिथे अंधार होता. पोतं पाठीला जड आणि थंड लागत होतं. हळूहळू तिचा श्वास जाग्यावर आला.

संध्याकाळी सूनबाईने ताईला फोन केला. "त्या अजून सावरलेल्या नाहीत," ती म्हणाली. "कामावरून काढायचं वगैरे मनातही आणू नका. पण दातांचं काम आता नको. पुढे काउंटरवर बसू देत, पार्सलं घेतील, फोन घेतील. हलकं काम. माणसांत राहिलं की मन रमतं. उद्या तुम्हीही या, बोलून ठरवू."

ताईने हे सांगितलं तेव्हा धाकटी ताटापुढे बसली होती. तिचा घास तोंडातच राहिला.

"फोन?" ती म्हणाली.

"मी बोलते ना उद्या," ताई म्हणाली. "तू एक अक्षर बोलू नकोस. आधी बाबा बोलायचे, आता मी बोलेन."

जेवणं झाल्यावर ताई कपाटाच्या आरशासमोर उभी राहून तालीम करू लागली. "मॅडम, आमची धाकटी जरा... म्हणजे ती थोडी तशी आहे. जरा सांभाळून घ्या."

"तशी म्हणजे कशी?" धाकटीने मागून विचारलं.

ताई आरशातच थांबली. मग ती पलंगावर बसली आणि तिचे खांदे पडले. "मला नाही गं ठाऊक," ती म्हणाली. "बाबा काय सांगायचे लोकांना? मी कधी विचारलंच नाही. ते सांगतायत म्हटल्यावर मी निवांत होते."

धाकटीलाही ठाऊक नव्हतं. ती रस्त्यापलीकडे उभी होती.

ती उठून डब्यापाशी गेली. सकाळी गडबडीत पाणी बदलायचं राहिलं होतं. तिने कवळी हातात घेऊन नळाखाली धरली. वरच्या पुढच्या दातांमधला एक दात शेजारच्याच्या अंगावर रेलल्यासारखा वाकडा होता. तिने तो स्वतः तसा बसवला होता, पण सुखासुखी नाही.

बाबांच्या खऱ्या दातांत तो तसाच होता. दात गेले, कवळी करायची वेळ आली, तेव्हा धाकटीने मन लावून केली आणि तो दात सरळ बसवला. बाबांनी कच्ची मेणाची कवळी तोंडात घालून आरशात पाहिलं. "छान," ते म्हणाले. "पण हे गृहस्थ कोण?" तिने परत नेली, थोडा तिरपा केला. पुन्हा बाबांनी मान हलवली. तिसऱ्यांदाही तो जवळजवळ सरळच. हाताला ते सहनच होत नव्हतं. वाकडा दात दिसला की बोट आपोआप त्याला नीट करी.

तेव्हा बाबांनी तिला समोर बसवलं होतं. "हे बघ," ते म्हणाले होते. बोळक्या तोंडाने बोलत असल्यामुळे शब्दांतून वारा जात होता. "तू प्रेमानं सरळ केलास, ते मला दिसतंय. पण सरळ दात तुला हवाय. मला माझा हवाय. आता हे मी सांगितल्याशिवाय तुला कळणार कसं? म्हणून सांगतोय. परत सरळ झाला तर परत सांगेन. रागावून नाही, नुसतं सांगेन."

नळ वाहत होता. धाकटी कवळीकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिने नळ बंद केला.

"ताई," ती म्हणाली. "त्यांनी माझं टेबल सरळ केलंय."

"काय?"

"काही नाही. उद्या तू ये. पण मी बोलेन."

दुसऱ्या दिवशी सूनबाईच्या केबिनमध्ये दोघी बहिणी बसल्या. दाराबाहेर मावशी काहीतरी पुसत होती. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. सूनबाईने चहा मागवला, खोकली, आणि "हे बघा..." म्हणून सुरुवात करणार तोच धाकटीने पिशवीतून डबा काढून तिच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं.

"अगं बाई," ताई हळूच म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"ही माझ्या बाबांची," धाकटी म्हणाली. ती डब्याकडे बघून बोलत होती. डब्याकडे बघितलं की वाक्यं नीट येत होती. "हा दात वाकडा आहे. त्यांना वाकडा हवा होता. मी पुन्हा पुन्हा सरळ केला, कारण मला सरळ चांगला वाटतो. त्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. बाबांनी जुन्या मालकांना सांगितलं होतं, आणि दोघंही आता इथे नाहीत. म्हणून मी सांगते."

सूनबाई चहाचा कप हातात तसाच धरून बसली.

"मला ऑटिझम आहे. भिंतीकडे तोंड केलं की मला दात दिसतो. खोलीकडे केलं की सगळं दिसतं आणि दात दिसत नाही. ती शिक्षा नव्हती, ते मला आवडायचं. सुऱ्या आडव्या हव्यात. ट्यूब वाजते. मशीन सुरू करताना आधी टेबलावर टकटक करायची, मालक करायचे. फोन मला घेता येत नाही. शिकून येईल असं नाही, मी शिकून पाहिलंय. दात मला येतात." ती थांबली. अजून एक राहिलं होतं. "आणि त्या दिवशी मी कामावर आले, कारण मी बँडवाल्याला गुरुवार सांगितला होता. बाबांनीही सांगितलेला दिवस कधी चुकवला नाही. मला वाईट वाटत होतं. ते माझ्या तोंडावर येत नाही."

ताईने डोळे उघडले होते. ती बहिणीकडे अशी बघत होती, जणू शेजारच्या खोलीतून इतकी वर्षं ऐकू येणाऱ्या आवाजाचं माणूस आज दारात येऊन उभं राहिलं होतं.

सूनबाईचा चेहरा पडला होता. "आम्ही एवढ्या प्रेमानं केलं हो," ती म्हणाली. आवाजात थोडा राग होता, थोडं रडू. "अख्खा रविवार गेला सगळ्यांचा. माझ्या मुलाने ती लांबी भरली भिंतीला."

"हो," धाकटी म्हणाली. "मीही प्रेमानंच सरळ केला होता."

मग बाहेरून मावशीचा आवाज आला. "तो स्टूल माझ्याकडे आहे! मी नव्हता टाकला. वरची पोती काढायला ठेवला होता."

सूनबाईला हसू आलं. तिने डोळे पुसले आणि कप खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली. "टेबल आज फिरवू. ट्यूबला माणूस बोलवावा लागेल, दोन-तीन दिवस कळ काढा, तोवर ती बंद ठेवून जुना दिवा लावा. काउंटरचं सोडा, मी दुसरं कोणी बघते. पण आता माझंही एक ऐका. काही खुपलं तर त्याच दिवशी येऊन सांगायचं. 'छान आहे, आभारी आहे' म्हणून आत आत कुढत बसायचं नाही. मला मनातलं ओळखता येत नाही, आणि तुमचे बाबा सांगायला येणार नाहीत."

ताईने दचकून सूनबाईकडे पाहिलं. इतक्या दिवसांत असं उघड कोणी धाकटीला म्हणालं नव्हतं. सगळे 'ते आहेतच आपल्यात' वगैरे म्हणत होते.

"नाही येणार," धाकटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "माहीत आहे. मी सांगेन."

टेबल फिरवताना चौघांचा जीव मेटाकुटीला आला. चाकांची खुर्ची पॉलिशवाल्याने पटकावली आणि पायाने ढकलत तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लहान पोरासारखा जाऊन आला. मग तो धाकटीच्या टेबलापाशी थांबला आणि खिशातून कागदात गुंडाळलेली एक कवळी काढून त्याने तिच्यासमोर ठेवली.

"बँडवाला देऊन गेलाय," तो म्हणाला. "म्हणतो, वाजवायला गेलं की हवा निसटते. सूर लागण्याआधी फुस्स होतं. पुढची कड जाड राहिली होती, मला वाटलं तुझं घासायचं राहून गेलंय. मीच बारीक केली."

धाकटीने कवळी दिव्याकडे धरून पाहिली. फार सुरेख घासली होती.

"मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"आणि मी विचारायला," पॉलिशवाला म्हणाला. "मी दगड म्हणालो होतो त्या दिवशी. ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग? रागावलीस?"

धाकटीने विचार केला. तो खुर्चीवर मागेपुढे होत थांबून राहिला, त्याचा डबा अजून उघडायचा होता. "फूटपट्टी जास्त बरोबर आहे," ती म्हणाली.

तो मोठ्याने हसला. दुपारी मशीन सुरू करण्याआधी तिच्या टेबलावर टकटक झाली. हात मालकांपेक्षा जड होता, कोरण्या जागच्या जागी उडाल्या. पण तिला बोळे घालायला वेळ मिळाला.

भिंतीवर बुजवलेल्या भेगेच्या जागी आता लांबीचा एक पांढरा पट्टा होता. तो भेगेसारखाच वळणावळणाने खाली गेलेला होता. सूनबाईच्या मुलाने बोटाने दाबून भरला असावा, ठसा दिसत होता. चालेल, असं धाकटीने ठरवलं, आणि ती कामाला लागली.

पुढच्या गुरुवारी बँडवाला स्वतः कॉर्नेट बगलेत मारून आला. काउंटरपाशी उभं राहून त्याने कवळी बसवली, ओठ जुळवले आणि एकच लांब सूर काढला. तो खोलीभर सरळ गेला. धाकटीने कान दाबले, पण बोटं थोडी सैल ठेवली.

संध्याकाळी ती फाटकातून बाहेर पडली, तर बाबांच्या जागी ताई उभी होती. स्कूटर तिने पलीकडे सरकवून ठेवली होती. दोघी चालू लागल्या.

"मग? दिवस कसा गेला?" ताईने विचारलं.

धाकटी गप्प झाली. दोन दुकानं मागे पडली. ताईचा चेहरा हळूहळू उतरू लागला.

"असं नाही विचारायचं," धाकटी म्हणाली. "तो प्रश्न मला मोठा होतो. 'आज काही?' असं विचार."

ताई थांबली. बाबांसारखा आवाज काढायचा तिने प्रयत्न केला नाही, आपल्याच आवाजात विचारलं.

"आज काही?"

"बँडवाल्याचे दात," धाकटी म्हणाली, आणि सांगायला लागली. पूल आला, मागे पडला, तरी ती सांगतच होती.